मदत हवी आहे: पट्टीच्या हिशेबाचा खाजगी पायथॉन कोड पिपनं (पायथॉन पॅकेजं बसवायचं साधन) बसवता येईल असा कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी मी पायथॉनमध्ये छोटे प्रोग्रॅम लिहितो. हळदीचा दर क्विंटलवर, बेदाण्याचा किलोवर. त्यातून हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी निघते. हा सगळा हिशेब 'हिशेब.पीवाय' या एका फाइलमध्ये आहे आणि तीच फाइल पट्टी, गोदाम, महिनाअखेरचा रिपोर्ट अशा तिन्ही फोल्डरांत कॉपी केलेली. हमाली बदलली की तीन ठिकाणी हात घाला. सिस.पाथमध्ये (पायथॉन कोड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) फोल्डर जोडायचा जुगाड नको, फोल्डर हलला की सगळं बंद पडलंच.

कोड पायपीआयवर (पायथॉन पॅकेजांचं सार्वजनिक भांडार) टाकायचा नाही, दुकानदारांना त्यांचे दर बाहेर गेलेले चालणार नाहीत. दुकानातल्या पीसीला इंटरनेट नाही, पेनड्राइव्हवरच न्यायचं. त्यात एका ठिकाणी अजून विंडोज ७ आहे. मालक म्हणतात, प्रिंटर त्याच्यावरच नीट चालतो, हात लावायचा नाही!

जुने व्हिडिओ 'सेटअप.पीवाय इन्स्टॉल' चालवायला सांगतात, नवे लेख 'पायप्रोजेक्ट.टॉमल' म्हणतात. नक्की काय करू?

प्रतिसाद १

'सेटअप.पीवाय इन्स्टॉल' विसरा, सेटअपटूल्सवालेच (सेटअपटूल्स म्हणजे पॅकेज बांधायचं साधन) आता ते वापरू नका म्हणतात. 'एसआरसी' फोल्डरात तुमचं पॅकेज ठेवा आणि त्या फोल्डरच्या बाहेर, शेजारीच, पायप्रोजेक्ट.टॉमल. त्यात बिल्डसाठी सेटअपटूल्स, मग नाव, आवृत्ती, पायथॉन किमान कितवं आणि लागणाऱ्या लायब्ऱ्या. एवढं पुरतं.

लॅपटॉपवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्ऱ्यांसाठी वेगळा कप्पा) करून 'पिप इन्स्टॉल -ई .' द्या, शेवटचा टिंब विसरू नका. यात कोडची कॉपी होत नाही, पिप फक्त तुमच्या फोल्डरचा पत्ता नोंदवतं. त्यामुळे फाइल सेव्ह केली की तिन्ही प्रोग्रॅमांना पुढच्या वेळी नवा कोड मिळतो.

दुकानासाठी 'पिप व्हील . -डब्ल्यू पेटी' चालवा. 'पेटी' फोल्डरात तुमचं व्हील (बसवायला तयार पॅकेजची फाइल) येतं आणि ज्या लायब्ऱ्या लागतात त्यांचीही येतात. बरेच जण फक्त स्वतःचं व्हील घेऊन जातात आणि तिथं ओपनपायएक्सेल (एक्सेल फाइलींची लायब्ररी) सापडत नाही म्हणून अडकतात. दुकानात 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=पेटी' आणि पुढं पॅकेजचं नाव.

नो-इंडेक्स दिलं की पिप पायपीआयकडे बघतच नाही, म्हणजे तुमच्याच नावाचं दुसऱ्याचं पॅकेज तिथून येऊन बसत नाही. २०२१ मध्ये एका संशोधकानं मोठ्या कंपन्यांच्या खाजगी पॅकेजांच्या नावांनी सार्वजनिक पॅकेजं टाकून दाखवली होती, आणि ती त्यांच्या यंत्रणांत बसलीही. शिवाय टॉमलमध्ये 'प्रायव्हेट :: डू नॉट अपलोड' हा क्लासिफायर (पॅकेजचा वर्ग सांगणारी ओळ) टाकून ठेवा. चुकून अपलोड केलंत तरी पायपीआय ते नाकारतं.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण दर कोडमध्ये का ठेवलेत? व्हील म्हणजे झिपच, कुणीही उघडून वाचेल. दर दुकानातल्याच वेगळ्या जेसन फाइलमध्ये ठेवा. मग हमाली बदलली तर नवं व्हील करायचीही गरज नाही.

विंडोज ७ वर पायथॉन ३.८ च्या पुढं जाता येत नाही. टॉमलमध्ये किमान ३.८ लिहा आणि नवी व्याकरणं, मॅच-केस वगैरे, टाळा. आणि प्रत्येक बदलाला आवृत्तीचा आकडा वाढवा, दुकानात पुन्हा बसवताना '--अपग्रेड'ही जोडा. आकडा तोच राहिला किंवा अपग्रेड दिलं नाही तर पिप म्हणणार आधीच बसवलंय, आणि तुम्ही जुनाच कोड तपासत बसणार.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दर आजच कोडमधून बाहेर काढतो. एक शेवटचं: तो विंडोज ७ चा पीसी ३२ बिट निघाला तर?

प्रतिसाद २

तुमचा कोड आणि ओपनपायएक्सेल निव्वळ पायथॉन आहेत, त्यांना फरक पडत नाही. पांडाज (तक्त्यांच्या हिशेबाची मोठी लायब्ररी) असेल तर मात्र त्याच पायथॉनचं, त्याच बिटचं व्हील लागेल. रिपोर्टमध्ये पांडाज खरंच लागतंय का? बेरीज-वजाबाकीच असेल तर काढून टाका.