मदत हवी आहे : दुकानातला कॉम्प्युटर एकदम स्लो, पत्रिका अडकल्यात

डीटीपी_खानापूर : परवापासून कॉम्प्युटर चालेनासाच झालाय. एक फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात. सगळं करून बघितलं. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची रांग लागलीय, उद्या सकाळी नंदगडची पार्टी प्रूफ बघायला यायची आहे. काय करू ते लवकर सांगा.

टिळकवाडीकर : सगळं म्हणजे काय काय केलंत? विंडोज कुठलं? रॅम किती? आत साधी हार्ड डिस्क आहे की नवी वेगवान एसएसडी?

निपाणीचे_मास्तर : सरळ फॉरमॅट मारा. आमच्या शाळेतले तीन कॉम्प्युटर असेच झाले होते, फॉरमॅट मारल्यावर नव्यासारखे पळाले.

डीटीपी_खानापूर : मास्तर, फॉरमॅट मारला तर पत्रिका कुठं जातील? विंडोज १०, रॅम ८ जीबी. डिस्क साधीच आहे, कॉम्प्युटर घेतला तेव्हापासूनची. टेम्पररी फायली काढल्या, रिस्टार्ट केला चार वेळा.

शहापूरची_ताई : दोन अँटीव्हायरस आहेत का? माझ्याकडे तेच झालं होतं, दोघं एकाच फाईलच्या मागं लागायचे. एक काढला आणि सुटले.

चिकोडी_एक्सप्रेस : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आता त्यावर बँकेची कामं करू नका. लिनक्स टाका, मी दोन वर्षं वापरतोय.

टिळकवाडीकर : लिनक्सवर त्यांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर कसं चालणार? अंदाज नकोत, आधी बघूया. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली 'मोअर डिटेल्स' दाबा. सीपीयू, मेमरी, डिस्क यांचे आकडे सांगा.

डीटीपी_खानापूर : सीपीयू ९ टक्के, मेमरी ४६, डिस्क १००.

चिकोडी_एक्सप्रेस : मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन सिसमेन, म्हणजे नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत भरून ठेवणारी विंडोजची सर्व्हिस, बंद करा. डिस्क १०० ला हाच उपाय. मी पन्नास मशीनवर केलाय.

टिळकवाडीकर : कधीकधी लागू पडतो, नाही म्हणत नाही. पण १०० म्हणजे डिस्क सतत गुंतलीय एवढंच. काम किती उरकतेय ते वेगळं बघावं लागतं. परफॉर्मन्स टॅब, डावीकडं डिस्क ०. त्यात ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम किती आणि रीड स्पीड किती?

डीटीपी_खानापूर : मी काय इंजिनियर आहे होय? रिस्पॉन्स ४२०० एमएस, रीड ०.६ एमबी. याचं काय करू ते सांगा की.

टिळकवाडीकर : दादा, हेच तर हवं होतं. हार्ड डिस्क जुनी असली तरी एका मागणीला थोड्या मिलिसेकंदांत उत्तर देते, फार गर्दीत शंभर-दोनशेपर्यंत जाते. तुमची चार सेकंद घेतेय, आणि देतेय ते एक एमबीसुद्धा नाही. नळापुढं घागरींची रांग आणि नळाला थेंब थेंब, असं चाललंय. सिसमेननं ओझं टाकलं असतं तर डिस्कनं भरपूर वाचलं-लिहिलं असतं. डिस्कमधून आवाज येतो का? आणि परवा नेमकं काय झालं होतं?

डीटीपी_खानापूर : लाइट गेली होती. यूपीएसची बॅटरी गेल्या महिन्यातच संपलीय, त्यामुळं पत्रिका सेव्ह करताना कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. आणि व्हय, आतून टकटक वाजालंय. मला वाटलं फॅन असेल.

टिळकवाडीकर : हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. सोर्सच्या रकान्यात 'डिस्क' आणि इव्हेंट आयडी ७ आहे का बघा.

डीटीपी_खानापूर : ओळीनं आहेत. 'बॅड ब्लॉक' असं लिहिलंय.

गल्लीतला_टेक्निशियन : सोपं आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क मारा, आर लावून. रात्रभर ठेवा. वीस वर्षं हेच करालोय.

टिळकवाडीकर : आत्ता नको! बॅड ब्लॉक म्हणजे डिस्कचा तेवढा भाग खराब झालाय. चेकडिस्क डिस्कचा कोपरान् कोपरा वाचत बसतं. टकटक करणाऱ्या डिस्ककडून रात्रभर ते करून घेतलं तर सकाळी ती उघडायचीसुद्धा नाही. आधी फायली बाहेर काढा.

गल्लीतला_टेक्निशियन : माझ्याकडं त्यानं डिस्का वाचल्यात, बाबा. पण टकटक असेल तर आधी कॉपी, हे मान्य.

हत्तरगीचा_पाहुणा : मध्येच विचारतो, नुडी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं कन्नड मॅटर मोबाईलवर पाठवलं की नुसती चिन्हं दिसतात. असं का?

शहापूरची_ताई : नुडीचे जुने फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीत, म्हणून. आधी युनिकोडमध्ये बदलून पाठवा. मराठीचे जुने डीटीपी फॉन्टही तसेच. आणि खानापूरचे दादा, फॉन्ट कॉपी करायला विसरू नका, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये फॉन्ट्स म्हणून असतात. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर पत्रिका उघडेल, पण अक्षरं भलतीच दिसतील.

टिळकवाडीकर : ताई, बरं आठवण केलीत. दादा, आधी उद्याच्या पत्रिका, मग फॉन्ट, मग बाकीचं. एकदम सगळं फोल्डर उचलू नका. एक फाईल अडली की ती सोडून पुढं जा.

निपाणीचे_मास्तर : आणि मग फॉरमॅट.

टिळकवाडीकर : मास्तर, बॅड ब्लॉक फॉरमॅटनं बरे होत नाहीत.

डीटीपी_खानापूर : रात्री साडेअकरापर्यंत बसलो. पेनड्राइव्हवर सगळं गेलं, दोन पत्रिका सोडून. त्यातली एक नंदगडचीच. पण तिची पीडीएफ मुलीच्या मामांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती, ती परत मागवली. बायकोच्या लॅपटॉपवर उघडली, अक्षरं बरोबर आली, आता तीच छापतो. नवीन डिस्क घ्यायची तर २५६ ची एसएसडी पुरेल का?

टिळकवाडीकर : विंडोज आणि पत्रिकांना पुरेल, फोटोंचंही काम करत असाल तर ५१२ घ्या. जुनी डिस्क लगेच टाकू नका, ती दुसरी पत्रिका अजून त्यातच आहे. आणि त्याआधी यूपीएसची बॅटरी घाला.