कॅबिनेटच्या पुढच्या पॅनेलच्या वायरी मदरबोर्डला कशा जोडाव्यात?

परभणीकर:
नमस्कार. गावातील अभ्यासिकेसाठी एक डेस्कटॉप जोडत आहे. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (बोर्डावरील मुख्य नियंत्रक चिपचा) वापरलेला मदरबोर्ड मिळाला असून कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) नवे घेतले आहेत. प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क बसवून झाली, पण पुढच्या पॅनेलमधून आलेल्या वायरींपाशी काम अडले आहे. बोर्डासोबत पुस्तिका नव्हती. पॉवर एलईडीचा प्लग तीन छिद्रांचा आहे आणि बोर्डावर त्यासाठी शेजारी-शेजारी दोनच पिना आहेत. यूएसबीचा जाड निळा प्लग कोठेच बसत नाही. ऑडिओच्या एकाच वायरीला एचडी ऑडिओ आणि एसी९७ (ऑडिओचा जुना प्रकार) असे दोन प्लग आहेत, त्यांतला कोणता लावावा? जोडणी चुकल्यास बोर्ड जळण्याची भीती आहे काय?

लातूरकर:
प्रथम भिंतीवरील स्विच बंद करून एसएमपीएसची वायर काढून ठेवा, कारण संगणक बंद दिसत असला तरी बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. बटणांच्या पिनांची इंटेलने आखून दिलेली रचना बहुतेक बोर्डांवर आढळते. दोन ओळींत मिळून नऊ पिना असतात आणि दहावी जागा रिकामी असते. ही रिकामी जागा वरच्या ओळीत उजव्या टोकाला येईल असे पाहिले, तर वरच्या ओळीत डावीकडून पहिल्या दोन पिना पॉवर एलईडीच्या (आधी अधिक, मग उणे) आणि पुढच्या दोन पॉवर बटणाच्या असतात. खालच्या ओळीत पहिल्या दोन हार्ड डिस्कच्या दिव्याच्या, पुढच्या दोन रिसेटच्या, आणि शेवटच्या नवव्या पिनेला काहीही लावायचे नसते. काही कंपन्यांच्या जुन्या बोर्डांवर ही रचना वेगळी असते, म्हणून बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवून घ्या. अंदाजाने जोडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. बटणांना अधिक-उणे नसते. दिवा उलटा लागला तर तो केवळ पेटणार नाही, तेव्हा प्लग फिरवून लावा.

तीन छिद्रांच्या प्लगमध्ये मधले छिद्र रिकामे असते. कडेच्या वायरीचे प्लास्टिकचे बारीक पाते सुईने हलकेच उचलले की आतील धातूचे टोक बाहेर सरकते; तेच मधल्या छिद्रात बसवावे.

नांदेडकर:
लातूरकरांनी सांगितलेले दिव्यांबाबत अगदी बरोबर आहे, परंतु उलट्या जोडणीने काही बिघडत नाही हा नियम यूएसबीला लावू नये. यूएसबी २.० च्या हेडरमध्ये (बोर्डावरील पिनांच्या संचात) ५ व्होल्ट आणि ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) दोन्ही असतात, आणि ते उलटले तर पुढे लावलेला पेनड्राइव्ह अथवा खुद्द बोर्डाचे पोर्ट निकामी होऊ शकते. येथे नववी पिन नसते आणि प्लगमधील तेच छिद्र बुजवलेले असते, तर ऑडिओच्या हेडरमध्ये आठवी पिन नसते. प्लग दाबूनही जात नसेल, तर जोर न लावता ही जागा पुन्हा तपासावी.

निळा प्लग १९ पिनांचा यूएसबी ३.० चा आहे. एच६१ चिपसेटमध्ये यूएसबी ३.० ची सोयच नाही. इंटेलने ती २०१२ च्या ७ मालिकेतील चिपसेटपासून दिली. त्यामुळे १९ पिनांपासून ९ पिनांकडे नेणारा अडॅप्टर घ्यावा लागेल. वेग यूएसबी २.० चाच, म्हणजे सेकंदाला कमाल ४८० मेगाबिट मिळेल, पण अभ्यासिकेत कागदपत्रांच्या फायली नेण्या-आणण्यास तो पुरेसा आहे.

ऑडिओसाठी एचडी ऑडिओचाच प्लग लावा आणि एसी९७ चा मोकळा बांधून ठेवा. पुढून आवाज आला नाही, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) फ्रंट पॅनेलचा प्रकार एचडी निवडलेला आहे का, हे पाहावे.

परभणीकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पुस्तिका मिळाली, जोडणी पूर्ण झाली आणि बटण, दिवे, यूएसबी सर्व चालू आहे. मात्र हेडफोनमध्ये सतत घुर्र असा आवाज येतो आणि कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. ग्राउंडची वायर चुकली असेल काय?

जालनेकर:
चुकलेल्या ग्राउंडने असा झटका बसत नाही. ही अर्थिंगच्या अभावाची खूण आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून कॅबिनेटच्या धातूकडे लहान कॅपॅसिटर जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसेल तर तो धातू २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्याने फक्त झिणझिण्या जाणवतात, परंतु घुर्र आवाज बहुधा त्यातूनच येतो, आणि चालू संगणकाला स्पीकर अथवा टीव्ही जोडताना पोर्ट जळण्याचाही धोका असतो.

वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या जवळपास, तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसले पाहिजेत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगसाठी पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून (धातूच्या नळीपासून किंवा पट्टीपासून) सुटते, त्यामुळे पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी ठरते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेले आहे का, हे पाहून उन्हाळाभर त्यात नियमित पाणी घालावे लागते. सॉकेटमध्ये न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून देण्याची सोपी युक्ती कोणी सुचवली, तर ती कदापि मान्य करू नका. वाटेत न्यूट्रल तुटले की संपूर्ण कॅबिनेटवर फेज येते, आणि अभ्यासिकेत मुलांचे हात सतत त्याला लागणार आहेत.