अटॅकनंतर मधुमेहाची गोळी: घरी सोडतानाच की थांबून?

डिचोलीकर
बाबांना पंधरा वर्षांचा मधुमेह. अटॅक आला, स्टेंट बसला, हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर. एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी मात्र दोन महिन्यांनी सुरू झाली. माझ्या मते मधुमेह असेल तर ही गोळी इस्पितळातून सोडतानाच द्यावी. या गोळीच्या २०१५ च्या एम्पा-रेग अभ्यासात हृदयविकार आणि मधुमेह असलेले सात हजारांवर रुग्ण होते. हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ च्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. आपण कशाची वाट बघतोय?

म्हापसेकर
त्या अभ्यासात आधीच्या दोन महिन्यांत अटॅक आलेल्यांना घेतलंच नव्हतं! ताज्या अटॅकवरचा अभ्यास म्हणजे २०२४ चा एम्पॅक्ट-एमआय. ६,५२२ रुग्ण, चौदा दिवसांच्या आत गोळी. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी (हृदय कमजोर पडून पाणी साचणं, धाप लागणं) भरती: गोळीवाल्यांत ८.२ टक्के, इतरांत ९.१. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. मग घाई कशाला? आपल्याकडे महिनाभरात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सोडून देणारे कमी आहेत का? आधी ते सांभाळा.

डिचोलीकर
त्याच अभ्यासात हार्ट फेल्युअरसाठी पहिल्यांदा भरती होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. मृत्यू घटले नाहीत, मान्य. पण बाबा पंधरा रात्री आडवे झोपू शकले नाहीत, उशांना टेकून बसून काढल्या. या गोळीने लघवीवाटे साखर आणि मीठ-पाणी जातं, हृदयावरचा भार उतरतो. भरती टळणं मला लहान वाटत नाही. आणि मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यापासून खर्चाची सबबही उरली नाही.

पेडण्याची सून
द्या, पण नीट सांगून द्या. सासूबाईंना चवथीच्या आधी उलट्या लागल्या. पेजसुद्धा पोटात ठरेना, गोळी मात्र चालूच. साखर १८०, म्हणून आम्ही निर्धास्त! निघालं कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचणं; या गोळीत ते साखर फार न वाढताही होतं. उलट्या-जुलाबात ती थांबवायची, ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करायची, हे आम्हाला आयसीयूच्या दारात कळलं.

म्हापसेकर
मी हेच म्हणतोय. सोडतानाच्या गडबडीत दहा गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते, तेव्हा हे कोण समजावणार? दोन आठवड्यांनी तपासणीला बोलवा, किडनी बघा, बसवून सांगा, मग सुरू करा.

डिचोलीकर
दोन आठवडे चालतील, दोन महिने नकोत. ताई, उपासाला काय करायचं? बाबा एकादशीला निर्जळी करतात.

पेडण्याची सून
निर्जळी नकोच. आधी डॉक्टरांना फोन करा, आजच.