मदत हवी आहे: ११ वर्षांचा अनुभव, शिक्षण नववी, कपातीच्या यादीत नाव

नमस्कार मंडळी. मी मूळचा जत तालुक्यातला. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये ११ वर्षं लेथवर आहे. पहिली ७ ठेकेदाराकडून, नंतरची ४ कंपनीच्या मस्टरवर. ऑर्डरी घटल्यात, दोन शिफ्टची एक झाली, आता ९ जणांना कमी करणार.

यादी फुटली. नऊच्या नऊ जण दहावीच्या आतले, त्यातले सहा आमच्या जत-आटपाडीकडचे. दोन वर्षांपूर्वी लागलेली आयटीआयची पोरं राहिली. त्यातल्या दोघांना जॉब सेट करायला मीच शिकवलंय. पोरं गुणी आहेत, त्यांच्यावर राग नाही. सुपरवायझर म्हणतो व्हीएमसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) येणार, प्रोग्रॅम वाचणारी माणसं पाहिजेत. असेल. पण ट्रेनिंगची नावं घेतली तेव्हा 'किमान आयटीआय' अट घातली. आम्हाला कुणी विचारलंच नाही.

काल एचआरवाल्यांनी इंग्रजी कागद पुढं केला. सही करा, हिशोब लगेच मिळेल म्हणाले. भावाला दाखवतो म्हणून फोटो काढून आणला. पोरगी यंदा दहावीला आहे, तिनं वाचून सांगितलं, "पप्पा, तुम्ही स्वतःहून राजीनामा देताय असं लिहिलंय." दोघांनी तर तिथंच सही केली.

शेवटी आलेला आधी जातो असं ऐकलं होतं. शिक्षण बघून उलटं करता येतं का? आणि ठेकेदाराकडची ७ वर्षं धरतात का?

प्रतिसाद:
दादा, सही अजिबात करू नका. राजीनामा दिला की ती कपात ठरत नाही, भरपाई बुडते. कपात असेल तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. 'शेवटी आला तो आधी' हे १९४७ च्या कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मात्र ते एकाच वर्गातल्या कामगारांपुरतं, आणि कारण लेखी नोंदवून मालक त्याला अपवाद करू शकतो. म्हणून तुम्ही आणि ती पोरं एकच काम करत होता का, हे महत्त्वाचं. ठेकेदाराची वर्षं मिळवणं अवघड असतं. तरी पीएफच्या पासबुकात कुणाचं नाव आहे बघा, जुने गेटपास, हजेरी कार्डं शोधा आणि सांगलीच्या कामगार आयुक्त कार्यालयात घेऊन जा.

धागाकर्ता:
आभारी आहे. कार्डं गावाकडं आईच्या पेटीत असतील, रविवारी जाऊन आणतो. ज्या दोघांनी सही केली त्यांना ती मागं घेता येईल का? त्यातल्या एकाला मराठीसुद्धा वाचता येत नाही.