प्रतिसाद: राणीभोवती सहाच सोंगट्या का?
‘स्पर्शवर्तुळांना पायथागोरस पुरतो, साइन कशाला’ हे तुमचं म्हणणं सामाईक स्पर्शिकेपुरतं (दोन्ही वर्तुळांना स्पर्शणाऱ्या रेषेपुरतं) ठीक. त्रिज्या 9 आणि 4, वर्तुळं बाहेरून स्पर्शणारी: कर्ण 9+4 = 13, बाजू 9−4 = 5, म्हणून बाहेरची स्पर्शिका 12. संपलं. पण गिरगावात चाळीच्या गॅलरीत कॅरम मांडताना सोंगट्या हरवलेल्या असत, तेव्हा राणीभोवती पाच लावल्या की फट उरायचीच. हे कोडं मला साइननेच सुटलं. राणीची त्रिज्या R, भोवतीच्या n सोंगट्यांची r. राणीचं केंद्र, एका सोंगटीचं केंद्र आणि ती शेजारणीला टेकते तो बिंदू, असा काटकोन त्रिकोण घ्या: राणीच्या केंद्रापाशी दोन शेजारी सोंगट्यांमधला अर्धा कोन 180/n अंश, समोरची बाजू r, कर्ण R+r. साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, म्हणून sin(180/n) = r/(R+r).

सहाला sin 30 = 1/2, म्हणजे R = r, चपखल. (इथे साधा समभुज त्रिकोणही चालतो, मान्य!) पाचाला मात्र sin 36 लागतो, साधारण 0.588. म्हणजे राणी सोंगटीच्या जेमतेम 0.7 पट हवी. हे नुसत्या पायथागोरसने काढून दाखवा बरं.