माचू पिचूला कुठलं सर्किट घ्यावं? माझं मत: तो फोटो सोडा, ३ घ्या

निवांत_भटक्या:
गेल्या मे महिन्यात बायको आणि आईला (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण त्यांच्यापेक्षा आई जास्त) घेऊन पेरूला जाऊन आलो, तेव्हापासून ऑफिसातले दोघं आणि एक मावसभाऊ एकच विचारतायत की तिकीट कुठलं काढू. एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माचू पिचू म्हणजे इंका लोकांनी डोंगरावर बांधलेलं जुनं नगर, आणि तिथे मनाला येईल तसं हिंडता येत नाही. जून २०२४ पासून तीन सर्किटं म्हणजे ठरवून दिलेले मार्ग आहेत, त्यांचे मिळून दहा उपमार्ग, त्यातले काही फक्त सीझनमध्येच उघडे. तिकिटावर तुमचा मार्ग आणि आत शिरायची वेळ छापलेली असते आणि सगळं एकेरी, दोन पावलं मागे आलात तरी गार्डची शिट्टी. सर्किट १ वरच्या तालींवरून जातं, तिथून सगळं नगर खाली पसरलेलं दिसतं पण आत पाऊल नाही ठेवता येत. २ म्हणजे क्लासिक, आधी वरून दर्शन मग नगरातून फेरी. ३ खालच्या अंगाने, म्हणजे राजाचं घर, सूर्यमंदिर, पाण्याच्या धारा. वायना पिचूचा सुळका चढायचा असेल तरी तिकीट ३ चंच, ३-ए.

आम्ही तिकीट काढायला बसलो तोवर २ संपलेलं. ३-बी मिळालं. आठवडाभर मी तोंड पाडून होतो, की एवढ्या लांब जाऊन पोस्टकार्डवालं दृश्य मिळणार नाही. आणि आत गेल्यावर वाटलं बरं झालं संपलं ते. सूर्यमंदिराची ती गोल फिरत गेलेली भिंत बघा एकदा जवळून. सगळा ग्रॅनाइट, मध्ये चुना नाही माती नाही, आणि चिरे आतल्या बाजूला किंचित कललेले. आई म्हणाली हे तर आपल्या हेमाडपंती देवळासारखं कोरडं रचलंय की, आणि फटीत नख जातं का बघायला हात पुढे केला तर मागून "नो तोकार, सेन्योरा!" म्हणजे हात लावायचा नाही. आई हात मागे घेऊन मला म्हणते, जात नाही रे. 😄

आणि पाणी! डोंगरातल्या झऱ्यापासून साधारण पाऊण किलोमीटर दगडी पाट काढलाय आणि मग उतारावर एकाखाली एक सोळा धारा. पहिली धार राजाच्या घराशेजारी, म्हणजे स्वच्छ पाणी आधी साहेबांना आणि बाकीच्यांनी त्यांच्यानंतर. पाचशे-साडेपाचशे वर्षं झाली. आमच्या सोसायटीतसुद्धा चेअरमनच्या विंगला पाणी आधी येतं, त्यामुळे लगेच समजलं.

तर माझं मत, २ साठी जीव टाकू नका. फोटो गुगलवर तुमच्यापेक्षा चांगला आहे.

पूर्वा_पुणे:
नाही पटलं. अजिबात नाही. ही दुधाची तहान ताकावर भागवल्यावर ताकच कसं भारी हे सांगायची पद्धत झाली. तिकीट संपलं म्हणून ३ घेतलंस आणि आता त्याचं तत्त्वज्ञान!

वरून बघणं म्हणजे नुसता फोटो नाहीये रे. वरच्या तालीवर उभं राहिलं की कळतं की या लोकांनी दोन शिखरांच्या मधल्या खिंडीसारख्या पट्टीवर अख्खं गाव बसवलंय, इकडे शेतीच्या ताली, तिकडे वस्ती, मधे मोकळं पटांगण आणि तिन्ही बाजूंनी खाली उरुबांबा नदी वळसा घालून जाते. खालून फिरलास तर तुला भिंती दिसल्या. चांगल्या भिंती दिसल्या, मान्य. पण गाव दिसलं का?

मी २-ए केलं, सकाळी ६ चा स्लॉट. वर पोचलो तर समोर पांढरं. काही म्हणजे काहीच नाही, धुक्याची रजई. चाळीसेक मिनिटं तालीवर बसून राहिलो, एक लामा येऊन शेजारच्या जर्मन आजोबांच्या टोपीचा वास घेऊन गेला, आणि मग एका बाजूने पडदा सरकावा तसं धुकं उठलं आणि आधी वायना पिचूचं टोक, मग भिंती, मग पटांगण असं एकेक करून बाहेर आलं. माझ्या शेजारचा माणूस रडत होता. तुझ्या सोळा धारांपाशी कोणी रडलं का?

निवांत_भटक्या:
रडलं नाही पण आईने ओंजळ पुढे केली होती, तिलाही शिट्टी मिळाली. दोन शिट्ट्या खाल्लेली एकमेव महिला.

कोल्हापुरी_ठसका:
भांडताय कशाला, दोन तिकिटं काढा की. सकाळी ३-बी, दुपारी १-बी. वरचं पण झालं खालचं पण झालं, फोटो पण झाला आणि राजाचं पाणी पण. आम्ही तेच केलं.

पूर्वा_पुणे:
@कोल्हापुरी परदेशी माणसाला एक तिकीट १५२ सोल (पेरूचं चलन), सोबत डोंगर चढायचा असेल तर २००. घरात चार माणसं असली की दुसरं तिकीट म्हणजे एका रात्रीचं हॉटेल जातं. शिवाय आत संडास नाही, बाहेर गेलात की तेच तिकीट परत चालत नाही, म्हणजे मधल्या वेळात गेटबाहेर बसून महागडा सँडविच खाणं आलं.

कोल्हापुरी_ठसका:
तिकडं विमानाला दोन-दोन लाख घालवून आल्यावर शेवटी सँडविचवर येऊन गाडी अडली होय 😂 पुन्हा जाणार आहात का आयुष्यात?

गडवाट:
मला या सगळ्या सर्किट प्रकाराचीच चीड आहे. मी २००९ ला गेलो होतो, सकाळी शिरलो ते संध्याकाळी बाहेर. एका ओट्यावर दीड तास नुसता बसलो होतो डबा खाल्ल्यावर (डबा आत न्यायचा नसतो हे मला नंतर कळलं). एखादी जागा समजायची तर तिथे भरकटायला लागतं, परत त्याच दारातून तीनदा जायला लागतं. आपण राजगडावर जातो तेव्हा पद्मावती माचीवर मुक्काम करून सकाळी बालेकिल्ला, दुपारी संजीवनी असं करतो ना, का तिकिटावर लिहिलेलं असतं की तुम्ही फक्त सुवेळा माची, मागे वळू नका? हे म्हणजे लग्नात पंगतीऐवजी लाइनीत ढकलत ढकलत ताट भरणं झालं. सर्किट १ वाल्यांची तर मला दया येते, बालेकिल्ला माचीवरूनच बघा आणि घरी जा.

माती_आणि_दगड:
@गडवाट मी सिव्हिलवाला आहे म्हणून जरा बोलतो. तिथे वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जागा डोंगराच्या पाठीवर, खाली भूगर्भातल्या भेगा. एवढ्या पावसात ते गाव घसरून नदीत गेलं नाही याचं कारण तुम्हाला दिसतच नाही, ते पायाखाली आहे. तालींच्या आत खाली मोठे दगड, वर खडी, मग वाळूमाती, मग वरची सुपीक माती, असं भरलंय, त्यामुळे पाणी मुरतं आणि भिंतीवर दाब येत नाही. मोठ्या पटांगणाखालीसुद्धा दगडांच्या चुरीची भर आहे. केनेथ राइट नावाच्या अमेरिकन जलअभियंत्याने अनेक वर्षं याचाच अभ्यास केला, त्यांच्या मते एकूण बांधकामातलं साठेक टक्के काम जमिनीखालचं आहे.

आता अशा जमिनीवर रोज साडेचार हजार माणसं, सीझनमध्ये काही दिवस ५,६०० पर्यंत परवानगी, आणि ती सगळी तुमच्यासारखी भरकटायला लागली तर? माती दाबली जाते, पायऱ्या झिजतात, निचरा बिघडतो. आणि माणूस कितीही सज्जन असला तरी एक जण पुरतो. २००० साली एका बिअरच्या जाहिरातीच्या शूटिंगमध्ये क्रेन पडली आणि इंतिवाताना दगडाचा कोपरा उडाला. सूर्याला बांधून ठेवायचा खुंटा म्हणतात त्याला. शतकानुशतकं टिकलेला दगड एका जाहिरातीत गेला.

गडवाट:
क्रेन पर्यटकाची नव्हती ना, परवानगी देणाऱ्यांनीच आत सोडली होती! म्हणजे जाहिरातवाल्याला क्रेन आणि मला शिट्टी. आणि दगडमातीची एवढी काळजी असेल तर आकडा खाली आणा. मार्गाला पट्टे मारायचे आणि माणसं वाढवायची याला जतन म्हणायचं का?

माती_आणि_दगड:
हा मुद्दा मान्य. आकडा जास्तच आहे. पण एकेरी मार्ग चूक आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. रायगडावर सुट्टीच्या दिवशी रोपवेची रांग बघून या, मग बोलू. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, राजगड-रायगड त्यात आहेत, त्यामुळे तुमचं ते भरकटणं अजून किती वर्षं चालतंय ते बघू.

गडवाट:
शुभ बोल नाऱ्या.

सुमनताई_ठाणे:
मुद्द्यावर येऊ का. मला आणि यांना डिसेंबरमध्ये जायचंय, यांचं वय ७४, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी लागते. कुठलं?

पूर्वा_पुणे:
ताई २-बी बघा. खालच्या तालीवरून जातं, वरच्यापेक्षा चढ कमी, दृश्यही बऱ्यापैकी मिळतं आणि नगरातून फेरी होते.

निवांत_भटक्या:
ताई, ३-बी. सुरुवातीला चढ जवळपास नाही. २ मध्ये आत शिरल्यावर पायऱ्या बऱ्याच आहेत आणि एकेरी असल्यामुळे अर्ध्यातून दमलं तर परतही येता येत नाही, पुढेच जावं लागतं.

पूर्वा_पुणे:
३ मध्ये पायऱ्या नाहीत? इंकांनी तुझ्यासाठी लिफ्ट केली होती का? धारांपाशीच्या पायऱ्या विसरलास, अरुंद आहेत आणि डिसेंबर म्हणजे पावसाळा, सगळं निसरडं.

निवांत_भटक्या:
त्या आहेत. आईला तिथे हात दिला होता. पण एकूण चाल कमी.

माती_आणि_दगड:
ताई, काठीच्या खाली रबराची टोपी हवी, नुसतं लोखंडी टोक आत सोडत नाहीत. पाठीवरची सॅक छोटी न्या. पावसासाठी छत्री नको, रेनकोट.

गुडघे_आणि_फुप्फुसं:
सगळे पायऱ्या मोजतायत, पण ताईंच्या यजमानांना त्रास झालाच तर तो माचू पिचूला नाही, कुस्कोला होईल हे कोणी सांगितलं नाही. माचू पिचू २,४३० मीटरवर आहे आणि विमान उतरतं ते कुस्को ३,४०० ला, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर माणूस एकदम खुर्चीतून उठून उभा राहतो. विमानतळावरून थेट खाली उरुबांबाच्या व्हॅलीत जा, तिथल्या ओयांतायतांबो गावात दोन रात्री राहा, तिथून ट्रेन, मग बस, मग बघणं, आणि कुस्को शेवटी. आम्ही उलटं केलं होतं, पहिले दोन दिवस हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा पीत छताकडे बघत पडलो होतो आणि नवरा दर अर्ध्या तासाने म्हणत होता मला काही झालेलं नाही. डॉक्टरांना आधी विचाराच, विशेषतः बीपीची गोळी चालू असेल तर.

सर्किटचं म्हणाल तर मी १-बी म्हणेन. वर जायचं, बसायचं, डोळे भरून बघायचं, खाली यायचं. वरपर्यंतचा चढ एकदाच आहे, सावकाश चढा. सगळी देवळं पायाखाली घातलीच पाहिजेत असं कुठे आहे.

सुमनताई_ठाणे:
म्हणजे तीन जणांनी तीन वेगळी सांगितली. धन्यवाद 🙏

कोल्हापुरी_ठसका:
दोन तिकिटं काढा ताई.

गडवाट:
ताई, तिकीट आधी नाही मिळालं तर पायथ्याच्या गावात, आग्वास कालियेंतेसला, रोज हजार तिकिटं समोर बसून विकतात, दुसऱ्या दिवसाची. पण रांग लागते आणि पुढे जे उरेल ते सर्किट, त्यामुळे ७४ व्या वर्षी त्या भरवशावर जाऊ नका. एवढं मी सिस्टिमच्या विरोधात असूनही सांगतोय.

पूर्वा_पुणे:
@निवांत_भटक्या एक खरं सांग. तू तीन पोस्टी झाल्या आईचे किस्से सांगतोयस, शिट्ट्या काय, ओंजळ काय. त्यांना विचारलंस का कधी, की वरून बघायचं होतं का?

निवांत_भटक्या:
आता विचारलं, शेजारच्या खोलीत मटार सोलतायत. जसंच्या तसं लिहितो: "मला वरूनच बघायचं होतं. कॅलेंडरवर असतं ना तसं. तूच म्हणालास संपलं, मग काय करणार, भिंती बघितल्या."

पूर्वा_पुणे:
😂😂😂

निवांत_भटक्या:
थांब, अजून बोलतायत. "पण ती पाण्याची चांगली होती."