एसी दुरुस्त करू की नवीनच घेऊ? दरवर्षी गॅस भरून वैताग आलाय

उकाड्याने_बेजार:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. घरी दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, साधा, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा) नाही, दहा वर्षांचा तरी असेल. गेली काही वर्षं उन्हाळा सुरू झाला की कूलिंग कमी होतं, मेकॅनिक येतो, गॅस कमी झालाय म्हणतो, भरून जातो, सीझन कसाबसा निघतो आणि पुढच्या वर्षी परत तेच. यावेळी गॅस भरून महिना पण झाला नाही तर परत गार हवा बंद, नुसता पंखा चालल्यासारखं. आता एक जण म्हणतो इनडोरची कॉइल गेली ती बदला, दुसऱ्याने आउटडोर उघडून बघितलं आणि सांगितलं कॉम्प्रेसर वीक झालाय, यात पैसे घालू नका, नवीन घ्या. दोघांचं म्हणणं वेगळं. दोघांनी मीटर लावून काही मोजलं असंही दिसलं नाही. घरात म्हणतात दहा वर्षं झाली, आता किती ओढणार. पण बॉडी चांगली आहे, आवाज नाही, मला उगाच फेकवत नाही. काय करावं?

थंड_डोकं:
नवीन घ्या. दहा वर्षं खूप झाली. पुढच्या उन्हाळ्यात परत इथेच प्रश्न टाकाल.

जुना_पाना:
थंड_डोकं भाऊ, इतक्या लवकर नका हो काढू त्याला. वय बघून निर्णय घ्यायचा नसतो, नेमकं काय गेलंय ते बघून घ्यायचा. मी या लाइनमध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, गॅस "संपत" नाही. एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नाही, तो बंद सर्किटमध्ये फिरत राहतो, मशीन धड असेल तर आयुष्यभर भरायची गरज नाही. दरवर्षी भरावा लागतो याचा अर्थ दरवर्षी तो कुठूनतरी बाहेर जातोय आणि कोणी ती जागा शोधलीच नाही. एक वर्ष पुरायचा तो आता महिनाभर पुरत नाही, म्हणजे भोक मोठं झालंय. तेव्हा दुरुस्ती की नवीन हा प्रश्न दुसरा, लीक कुठे आहे हा पहिला.

शोधायची पद्धत अशी. उरलेला गॅस काढून घ्यायचा (हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी मशीनने सिलेंडरमध्ये घ्यायचा), मग सिस्टीममध्ये कोरडा नायट्रोजन प्रेशरने भरायचा आणि गेज लावून ठेवून द्यायचं. काटा खाली आला तर लीक आहे. मग जॉइंट, फ्लेअर नट (पाइपचं तोंड पसरवून त्यावर आवळतात तो नट), व्हॉल्व्ह, कॉइलचे यू-बेंड, सगळीकडे साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. फार बारीक लीक असेल तर गेज रात्रभर ठेवावं लागतं. हे कोणी केलंय का तुमच्याकडे? मला वाटतं नाही. कारण याला वेळ लागतो आणि गॅस भरायला अर्धा तास.

लीक फ्लेअर नटला किंवा सर्व्हिस व्हॉल्व्हला निघाली तर नशीब समजा, नवीन फ्लेअर करून नट बदलला की काम झालं, मशीन अजून काही वर्षं आरामात चालेल. आउटडोरच्या पाइपला एखाद्या ठिकाणी घासून भोक पडलं असेल तर तेही ब्रेझिंग करून (धातू वितळवून डाग देऊन) होतं. पण इनडोरच्या कॉइलमध्ये बारीक भोकं असतील तर एक बुजवलं की दुसरीकडे निघतं. तांब्याला आतून आतून गंज लागतो, घरातली फरशी पुसायची केमिकल्स, व्हिनेगर, नवीन फर्निचरचा गोंद-पॉलिश यांची आम्लं आणि कॉइलवरचा ओलावा मिळून वारुळासारखे बोगदे पाडतात, डोळ्याला दिसत पण नाही. तिथे पॅच मारत बसण्यात अर्थ नाही, पूर्ण कॉइल बदलायची नाहीतर मशीन.

कॉम्प्रेसरचं म्हणाल तर "वीक झालाय" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. गॅस कमी असला की प्रेशर कमी येतंच आणि बघणाऱ्याला कॉम्प्रेसर दमल्यासारखा वाटतो. कॉम्प्रेसर नुसता हूं हूं करून ट्रिप होत असेल तर आधी कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा पार्ट) बघा, त्याच्यावर मायक्रोफॅरड लिहिलेले असतात, मीटरवर त्यापेक्षा बरंच कमी आलं तर बदला, हा सगळ्यात स्वस्तातला पार्ट आहे आणि याच्यापायी लोक चांगली मशीनं भंगारात देतात. (स्वतः हात घालू नका, वीज बंद केली तरी त्यात चार्ज राहतो, जोरात झटका बसतो.) वाइंडिंग (कॉम्प्रेसरच्या मोटरमधलं तारेचं वेटोळं) तपासायचं तर तीन टर्मिनल असतात, कॉमन ते रन आणि कॉमन ते स्टार्ट या दोन्हीच्या रेझिस्टन्सची बेरीज रन ते स्टार्ट एवढी आली पाहिजे आणि मीटरवर बॉडीशी काहीच जोड दिसता कामा नये. बॉडीला लागलं तर मग खरंच गेला.

तेव्हा आउटडोरच्या पाटीचा फोटो काढा आणि कुठला गॅस आहे ते सांगा. त्यावर पुढचं ठरेल.

उकाड्याने_बेजार:
धन्यवाद पाना काका, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. पाटी बघितली, आर-२२ लिहिलंय. नायट्रोजन वगैरे कोणी केलं नाही. तसं करणारा माणूस शोधतो.

हळूहळू:
मी जुन्याच्या बाजूने. नवीन इन्व्हर्टर मशीनची एक गोष्ट कोणी सांगत नाही, त्यात आउटडोरला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) असतं, व्होल्टेज वरखाली झालं किंवा पालीने शॉर्ट केलं की ते उडतं आणि तेव्हा बिल बघून तुम्हालाच घाम फुटतो. जुन्या मशीनमध्ये बिघडण्यासारखं असतंच काय, कॉम्प्रेसर, दोन मोटर, कपॅसिटर, एखादा रिले. कोणीही दुरुस्त करतो. आमच्याकडचा जुना अजून चालू आहे, नंतर घेतलेल्याचं बोर्ड आधी गेलं. आणि वॉरंटी म्हणाल तर कार्ड नीट वाचा, मोठ्या अक्षरात कॉम्प्रेसरची वर्षं असतात, कॉइल, गॅस आणि मजुरी त्यात धरलेली असेलच असं नाही.

युनिट_मोजणारा:
हळूहळू, बोर्डाचं बरोबर आहे पण विजेचा हिशोब पण करा की. दीड टन म्हणजे साधारण ५.२ किलोवॅट थंडावा. दहा वर्षांपूर्वीचं साधं मशीन तेवढ्यासाठी १.८ किलोवॅटच्या आसपास वीज ओढतं. रोज आठ तास लावलं आणि त्यातला ७० टक्के वेळ कॉम्प्रेसर चालू धरला तर दिवसाला १० युनिट. चांगलं इन्व्हर्टर मशीन, ज्याची सीझनची सरासरी कार्यक्षमता ४.५ च्या वर आहे (म्हणजे एक युनिट विजेत साडेचार युनिट थंडावा), तेवढाच थंडावा साडेसहा युनिटमध्ये देईल. म्हणजे रोजचे साडेतीन युनिट वाचले, चार महिने वापर असेल तर वर्षाला ४०० च्या वर. आता तुमच्या बिलावरच्या शेवटच्या स्लॅबचा दर त्याला गुणा (सरासरी दर नको, एसीचे युनिट वरच्या स्लॅबमध्येच पडतात), नवीन मशीनच्या किमतीला त्याने भागा, किती वर्षांत वसूल ते कळेल.

पण यात एक गोम आहे. तुम्ही रात्री दोन तास लावून बंद करत असाल तर ही बचत एवढीशी होते आणि नवीन मशीन वसूल व्हायच्या आत म्हातारं होतं. रात्रभर लावत असाल तर उलट. म्हणून दुसऱ्याचा हिशोब आपल्याला लागू होत नाही. आणि गॅस कमी असलेलं मशीन तर सगळ्यात वाईट, थर्मोस्टॅट कधी कटच होत नाही, कॉम्प्रेसर अखंड चालतो, खोली गार नाही ती नाहीच. तुमची मागच्या सीझनची बिलं काढून बघा बरं.

खिडकीपाशी:
मधेच एक विचारते, फिल्टर धुतलाय ना? हसू नका, आमच्याकडे कॉइलवर बर्फ जमत होता, गॅस भरायला सांगून गेला होता माणूस, आणि फिल्टरवर नुसती गोधडी साचलेली.

जुना_पाना:
ताई, हसण्यासारखं नाही, पहिलं तेच बघायचं. घरच्या घरी एक चाचणी पण आहे, फिल्टर धुऊन १५-२० मिनिटं एसी चालवायचा आणि आत जाणारी हवा आणि बाहेर फेकलेली हवा दोन्हीचं तापमान साध्या थर्मामीटरने घ्यायचं. ८ ते १२ डिग्रीचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय, दोष खोलीत आहे (पश्चिमेची भिंत, वर गच्ची, दाराची फट). फरक दोन-तीन डिग्रीच असेल तर मशीनमध्ये.

आता बेजार यांचं आर-२२. हा ओझोनला मारक गॅस, १९८७ च्या माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने बंद होतोय, विकसित देशांत २०२० पासून उत्पादन जवळपास थांबलंच, बाकीच्यांना २०३० ची मुदत. म्हणजे मिळणं दिवसेंदिवस कठीण आणि महाग होत जाणार. त्यात भेसळीचे सिलेंडर. कोणी म्हणेल की यात ४१०ए (दुसरा, नंतरच्या मशीनचा गॅस) भरून देतो, तर त्याला दारातूनच परत पाठवा, ४१०ए चं प्रेशर जवळपास दीडपटीहून जास्त असतं आणि तेल पण वेगळं लागतं, जुना कॉम्प्रेसर आणि कॉइल त्यासाठी बनवलेले नाहीत. आर-३२ चं पण तेच, शिवाय तो थोडा ज्वलनशील, ज्या मशीनवर लिहिलंय त्यातच भरायचा. आणि दरवर्षी तुम्ही भरलेला गॅस हवेतच गेलाय, एक किलो आर-२२ सुटला की साधारण १८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी उष्णता वाढते. टॉप-अप हा शब्दच बंद व्हायला पाहिजे असं माझं मत.

माझा सरळ हिशोब सांगतो. लीक जॉइंटला असेल तर दुरुस्त करा, आर-२२ असला तरी. कॉइलला किंवा कॉम्प्रेसरला असेल, गॅस आर-२२ असेल आणि मशीन दहाच्या पुढे असेल, तर नवीन. हेच आर-३२ चं चार वर्षांचं मशीन असतं तर कॉइल बदला म्हणालो असतो.

उकाड्याने_बेजार:
अपडेट देतो. नायट्रोजन मारणारा माणूस मिळाला एकदाचा. रात्रभर गेज ठेवलं, सकाळी काटा खाली. बाहेरचे नट सगळे ठीक, कॉम्प्रेसरचं वाइंडिंग पण बरोबर आलं, म्हणजे "वीक" वगैरे काही नाही. लीक इनडोर कॉइलच्या मधोमध, फिनच्या (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांच्या) आत, दोन ठिकाणी. या मॉडेलची कॉइल आता येत नाही म्हणाला, दुसऱ्या कंपनीची बसवून देतो पण गॅरंटी नाही. रात्रभर लावतो आम्ही, त्यामुळे युनिट_मोजणारा यांचा हिशोब पण नवीनच्या बाजूने जातोय. तर नवीन घ्यायचं ठरलं. दीड टनच घेऊ ना?

थंड_डोकं:
सांगितलं होतं 😄

जुना_पाना:
थंड_डोकं, उत्तर बरोबर आलं, पण गणित न करता 😄

बेजार, टन आंधळेपणाने घेऊ नका, आधीचं मशीन धड असताना खोली पंधरा मिनिटांत गोठत होती का कायम धापा टाकत होतं ते आठवा. गरजेपेक्षा मोठं घेतलं तर हवा गार होते पण दमटपणा जात नाही. जुनी तांब्याची पाइप वापरू देऊ नका, आर-२२ चं खनिज तेल आत राहिलेलं असतं, नवीन पाइप घाला. आणि बसवताना पाइपातली हवा आणि ओलावा काढायला व्हॅक्यूम पंप लावायचाच, किमान अर्धा तास, आणि मीटर ५०० मायक्रॉनच्या (हे व्हॅक्यूम मोजायचं माप) खाली जाऊन तिथेच टिकलं पाहिजे. बरेच जण गॅस थोडा सोडून हवा "उडवून" देतात आणि निघतात, तसं करायला लागला तर तिथेच थांबवा. फ्लेअर नट टॉर्क पान्याने. जुन्या मशीनमधून चाचणीच्या वेळी काढून घेतलेला गॅस सिलेंडरमध्येच राहू द्या, हवेत सोडून देऊ नका.

खिडकीपाशी:
आणि ड्रेन पाइपला उतार आहे का ते पाणी ओतून बघा, तो माणूस घरात असतानाच. नंतर कोणी फोन उचलत नाही.